स्टेशन कधीचं? शकुंतलेच्या यवतमाळ फाट्यावरच्या एका बंद इमारतीचं प्रकरण

(गावाचं आणि माणसांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत. मोजमापं आणि कामाचा क्रम जसाच्या तसा ठेवला आहे.)

पार्श्वभूमी

मूर्तिजापूरहून नॅरोगेजचे दोन फाटे निघायचे. एक अचलपूरला जायचा, ७६ किलोमीटर. दुसरा यवतमाळला, ११३ किलोमीटर. रुळांमधलं अंतर अडीच फूट. या गाडीला सगळा मुलूख शकुंतला म्हणतो. मार्ग बांधला सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीने, तिचं व्यवस्थापन किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीकडे होतं, आणि प्रत्यक्ष गाडी चालवायची आधी जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे), पुढे मध्य रेल्वे. पुलगाव-आर्वी हा ३५ किलोमीटरचा तुकडाही याच कंपनीचा.

हे सगळं कापसासाठी होतं. मुंबईहून येणारी मेन लाइन १८६७ मध्ये नागपूरला पोचली, पण ती वऱ्हाडाच्या मधून गेली. दोन्ही अंगांचा कापूस बैलगाडीनेच मेन लाइनच्या स्टेशनापर्यंत आणावा लागे. खामगाव आणि अमरावतीला लवकर फाटे मिळाले, बाकीच्यांना थांबावं लागलं. छोट्या गाडीची स्टेशनंही त्याच हिशोबाची: माणसांसाठी एक खोली नि व्हरांडा, गाठींसाठी मात्र मोठं मोकळं आवार.

या प्रकरणातलं स्टेशन यवतमाळ फाट्यावरचं, मधलं. व्हरांड्यासकट इमारत १२.२ मीटर लांब, ६.४ मीटर रुंद. आत दोन खोल्या: एक स्टेशनमास्तरची, एक तिकिटाची. वर मंगलोरी कौलं, खाली सागवानी कैच्या (छपराचे त्रिकोणी सांगाडे), व्हरांड्याला रुळांचे खांब. फलाट जवळपास जमिनीलगत, कारण नॅरोगेजच्या डब्याला पायरी असते. गाडी बंद पडल्यावर दारं-खिडक्या गेल्या, मग पंखे नि तारा, मग पन्हळीचा पत्रा. कौलांना कुणी हात लावला नाही, कारण त्या मापाची कौलं आता कुणाच्या घरावर बसत नाहीत.

ग्रामपंचायतीने ठरवलं की इमारत रंगवून तिथं वाचनालय काढायचं आणि दर्शनी भिंतीवर 'स्थापना १९०३' अशी संगमरवरी पाटी बसवायची. उद्घाटन १५ ऑगस्टला. अंदाजपत्रकात कामं पाच: बाहेरून सिमेंटचा गिलावा, आत पुट्टी, कौलं काढून पत्रे, फरशी, रंग. पाटीचा मजकूर तपासून द्या, एवढ्यापुरतंच तालुक्याच्या कॉलेजातल्या इतिहासाच्या मास्तरांना विचारलं होतं. त्यांनी सोबत जुन्या बांधकामाची कामं केलेला एक अभियंता आणला आणि प्रकरण पाटीवरून भिंतीवर आलं.

अडचण

पहिली अडचण मालकीची. गावात सर्रास समजूत अशी की ही लाइन अजून विलायतच्या कंपनीची, म्हणजे इमारत बेवारस. सातबारा काढला तर भोगवटादार म्हणून रेल्वेचं नाव. कंपनी आणि रेल्वे यांच्यातला करार काहीही असो, पंचायतीची जागा ही नव्हे, हे एवढ्या कागदाने ठरलं. आपल्या नावावर नसलेल्या मालमत्तेवर ग्रामपंचायतीने निधी खर्च केला की लेखापरीक्षणात आक्षेप येतो आणि वसुली सरपंच-सचिवांच्या अंगावर येते. ग्रामसेवकाला हे माहीत होतं. त्याने ते सभेत बोलून दाखवलं नव्हतं, एवढंच.

दुसरी अडचण: 'शंभर वर्षं झाली, म्हणजे पुरातत्त्वाची झाली' हा समज. १९५८ च्या केंद्रीय कायद्यात शंभर वर्षांची अट आहे खरी, पण नुसत्या वयाने संरक्षण मिळत नाही. वास्तू तशी जाहीर व्हावी लागते. ही झालेली नव्हती. म्हणजे पाडायला अडवणारं कुणी नाही आणि दुरुस्तीला पैसे देणारंही कुणी नाही.

तिसरी अडचण भिंतीची. ईशान्येच्या कोपऱ्यात जोत्यापासून खिडकीच्या उंबऱ्यापर्यंत पायऱ्या-पायऱ्यांनी गेलेली भेग होती. बाहेरच्या अंगाला तीन फुटांपर्यंत आधीच कधीतरी सिमेंटचा गिलावा मारलेला, आणि त्याच्या वर विटांचं पीठ होऊन खाली सांडत होतं.

चौथी अडचण सालाची. ती सगळ्यात किरकोळ वाटत होती.

समोर आलेले पर्याय

पहिला, ठरल्याप्रमाणे गिलावा, पत्रे, रंग. वीस दिवसांचं काम, उद्घाटन वेळेवर. दुसरा, हात न लावता रेल्वेला पत्र लिहून वाट बघायची. इमारतीला अजून एक पावसाळा कौलांच्या भोकांखाली काढावा लागणार. तिसरा, इमारत उतरवून शाळेच्या मैदानात पुन्हा उभारायची. हा एका उत्साही सदस्याचा. चुन्यात बांधलेली वीटभिंत उतरवताना निम्म्याच्या आसपास विटा तुटतात, आणि उभी राहते ती नवीनच इमारत, म्हणून तो लगेच मागे पडला. चौथा, आधी मोजणी आणि नोंद, सोबत परवानगीचा अर्ज, आणि परवानगी आल्यावर फक्त पाणी थांबवण्याचं काम: छप्पर, पन्हळ, जोत्याभोवतीचा उतार. गिलावा नि रंग नंतर.

सभेत भांडण झालं ते पहिल्या आणि चौथ्यात. पहिल्याच्या बाजूने बोलणाऱ्यांचा मुद्दा खोटा नव्हता: निधी मार्चनंतर परत जातो. चौथ्याच्या बाजूने एकच गोष्ट दाखवण्यात आली. अभियंत्याने जुन्या सिमेंटच्या पट्ट्यावर लाकडी मोगरीने ठोकलं, भद्द आवाज आला तिथला पोपडा काढला, आणि मागची वीट बोटाने उकरून दाखवली. मऊ वीट आणि चुन्याची भिंत जमिनीतून ओल घेते आणि अंगातून बाहेर सोडते. वर सिमेंट चढवलं की ओल तिथून निघू शकत नाही, ती सिमेंट संपतं तिथवर वर चढते, सोबत आणलेला क्षार तिथेच फुलतो आणि विटेचा चेहरा सुटतो. तीन फुटांच्या पट्ट्याने एवढं केलं तर पूर्ण भिंतीच्या गिलाव्याने काय होईल, हे वेगळं सांगावं लागलं नाही.

चौथा पर्याय ठरला. निधी त्या वर्षी परत गेला. याची किंमत पुढे मोजावी लागली.

साल कसं शोधलं

१९०३ हे साल कुठून आलं? वर्तमानपत्री लेखांत, फलकांवर, लोकांच्या बोलण्यात या मार्गाला १९०३ पासून १९१६ पर्यंतची सालं चिकटलेली आहेत. कुणी कंपनी स्थापन झाल्याचं साल सांगतं, कुणी गाडी सुरू झाल्याचं, कुणी इंजिनाचं. इंजिन तर मँचेस्टरला १९२१ मध्ये बनलेलं, १९२३ पासून १५ एप्रिल १९९४ पर्यंत धावलेलं. त्याचा इमारतीच्या वयाशी काही संबंध नाही. १९०३ च्या विरोधात एक कागद लगेच सापडला. १९०८ च्या सुमाराच्या गॅझेटियरात (सरकारी माहितीग्रंथात) यवतमाळला रेल्वेशी जोडणारं स्टेशन म्हणून धामणगाव दिलेलं आहे, सडकेने २९ मैल. शहरात छोटी गाडी येत असती तर असं लिहिलं नसतं. मार्गाचा मूर्तिजापूरकडचा एखादा तुकडा आधी खुला झाला असेल, हा आक्षेप मास्तरांनी स्वतःच नोंदवला. म्हणूनच रेल्वे बोर्डाच्या जुन्या वार्षिक अहवालांतली टप्प्याटप्प्याची तारीख मिळेपर्यंत पाटीवर सुरुवातीचं साल लिहायचं नाही, असं त्यांनी ठरवलं.

मग व्हरांड्याचे खांब. एका खांबाच्या पोटावर उठावाची अक्षरं होती. गंज कोरड्या ब्रशने झाडला, आडवा खडू फिरवला, रात्री बाजूने टॉर्च मारला तेव्हा वाचता आलं: कारखान्याच्या नावाचा तुकडा आणि '१८८४'. दुसऱ्या दिवशी गावभर झालं की स्टेशन १८८४ चं. तो खांब नीट बघितला तर रुळाला वरखाली सारखंच डोकं होतं. असे रूळ बिडाच्या खुर्च्यांत (रूळ धरणाऱ्या बैठकींत) लाकडी पाचरीने आवळून बसवत. तो मेन लाइनवरचा माल. अडीच फुटी गाडीचा रूळ सपाट तळाचा, स्लीपरला खिळ्याने ठोकायचा. म्हणजे मेन लाइनवरून निवृत्त झालेला रूळ इथं खांब म्हणून आला. रुळावरचं साल एवढंच सांगतं की बांधकाम त्याच्या आधीचं नाही. नंतरचं किती, ते सांगत नाही. रुळावरचं साल वाचून इमारतीला वय देणं ही या कामातली सगळ्यात नेहमीची चूक आहे.

खरं बोलली ती स्टेशनमास्तरची आणि तिकिटाची खोली यांमधली भिंत. बाहेरून ओळंब्याइतका सरळ सांधा दिसत होता. विटांचे थर एकमेकांत गुंफलेले नव्हते, नुसते खेटून उभे. सलग बांधलेल्या भिंतीत असा सांधा राहत नाही. तिकिटाची खोली नंतर जोडलेली. दोन्हीकडे दहा-दहा विटा मोजल्या. मूळ खोलीची वीट ९ x ४½ x २¾ इंचांची. जोडखोलीची पाव इंचाने जाड, जास्त भाजलेली. दोन्ही जुन्या इंची मापाच्या, आजच्या १९ x ९ x ९ सेंटिमीटर विटेशी संबंध नाही. मूळ खोलीचा मसाला खिळ्याने सहज उकरला जाई, त्यात न विरलेल्या चुन्याचे पांढरे खडे आणि सुरखीची (विटांच्या भुकटीची) लाली. जोडखोलीचा करडा, कठीण, म्हणजे चुन्यात सिमेंटची भर.

जोडखोलीच्या दारावर तुळई म्हणून सपाट तळाचा रूळ होता, त्यावर १९२७. म्हणजे जोडखोली १९२७ च्या आधीची नाही. आता दुसरं टोक हवं होतं.

ते तिकीटखिडकीशेजारी मिळालं. रंगसफेदीच्या थरांखाली काळी रेघ दिसत होती. तिथं तळहाताएवढी खिडकी करून सर्जिकल ब्लेडने एकेक थर उतरवला. प्रत्येक थराचा पायरीएवढा काठ मागे ठेवला, म्हणजे क्रम दिसत राहतो. सगळ्यात वर भगवट, मग निळसर, मग पांढऱ्याचे सात-आठ हात. त्याखाली भाड्याचा तक्ता, रकान्यावर 'न. पै.'. त्याच्याही खाली पातळ पांढऱ्यानंतर दुसरा तक्ता, अक्षरं जाडी, रकाने तीन: रु., आ., पै. आणि स्टेशनांपुढे मैल.

आणे-पै गेले १ एप्रिल १९५७ ला. 'नये पैसे' हा शब्द तेव्हापासून १९६४ पर्यंतच चालला, नंतर नुसते पैसे. म्हणजे वरचा तक्ता त्या सात वर्षांतला. खालचा १९५७ च्या आधीचा, आणि तो जोडखोलीच्या मूळ गिलाव्यावर रंगवलेला. जोडखोली १९२७ आणि १९५७ यांच्या मधली, हे एवढ्यावर पक्कं झालं. एका भिंतीने दिलेलं हे सर्वांत घट्ट उत्तर होतं, आणि पुट्टी फासली असती तर गेलं असतं.

कौलांचा पुरावा मात्र कच्चा. काहींवर बासेल मिशनचा ठसा, काहींवर कॉमनवेल्थचा. बासेल मिशनचे कारखाने पहिल्या महायुद्धानंतर कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले, त्यामुळे दुसरी कौलं युद्धानंतरची. पण कौल ही इमारतीतली सगळ्यात सहज बदलली जाणारी गोष्ट. तिच्यावर साल टांगू नये.

तोंडी पुराव्यासाठी निवृत्त गँगमन (रुळांची देखभाल करणारे कामगार) भेटले, वय ८० च्या घरात. त्यांना 'कोणत्या साली' असं विचारलं नाही. 'आणे चालत होते तेव्हा ही खोली होती का', 'दुष्काळाच्या आधी की नंतर' असं विचारलं. दुष्काळ म्हणजे १९७२ चा, त्याला वऱ्हाडात आणखी ओळख लागत नाही. त्यांचं उत्तर: "माह्या आज्यानं ह्या टेसनावर विटा वाह्यल्या, तवा गाडी याचीच होती. हे तिकिटाची खोली मांगून झाली. आन खालचं शिमेट त आमीच मारलं, दुष्काळाच्या दुसऱ्या साली." मूळ खोली गाडीबरोबरची, तिकिटाची मागाहून, सिमेंट १९७३-७४ चं. पहिल्या दोन गोष्टी भिंतीनेही सांगितल्या होत्या. तिसरी फक्त त्यांच्याकडे होती.

कागद हाती आले तर ते कोणत्या काळातले, हे डोक्यावरच्या नावावरून कळतं. 'वणी जिल्हा' असेल तर १९०५ च्या आधीचा, कारण त्या साली जिल्ह्याचं नाव यवतमाळ झालं. 'मध्य रेल्वे' असेल तर ५ नोव्हेंबर १९५१ नंतरचा, 'जी. आय. पी.' असेल तर आधीचा. 'मुंबई राज्य' असेल तर १ नोव्हेंबर १९५६ ते ३० एप्रिल १९६० मधला. या स्टेशनाच्या कुलूप लावलेल्या कपाटात एक फाटकं मालरजिस्टर निघालं, त्याच्या पुठ्ठ्यावर जी. आय. पी. होतं आणि आतली पानं १९५० च्या दशकातली. जुन्या छापील वह्या संपेपर्यंत वापरायची पद्धत. पुठ्ठ्यावरून आतल्या नोंदीचं साल ठरवू नये, एवढंच त्यातून घेतलं.

प्रत्यक्ष काम

अर्ज गेला तो रेल्वेच्या विभागीय कार्यालयाकडे, सातबारा, नकाशा, फोटो आणि कामांची यादी जोडून. यादीत 'जीर्णोद्धार' हा शब्द टाळला. 'पाणी गळती थांबवण्यापुरती देखभाल, ताबा न मागता' असं लिहिलं. परवानगी चार महिन्यांनी आली, पावसाळा सुरू झाल्यावर. दरम्यान छपरावर ताडपत्री होती, आणि आषाढातल्या एका वाऱ्याने तिने मागच्या त्रिकोणी भिंतीवरचे विटांचे तीन थर सोबत ओढून नेले. दोर कैचीला बांधायचे, ते भिंतीच्या माथ्याला दगड ठेवून दाबले होते.

भेगेचा निर्णय आधी झाला. ठेकेदाराने पाया उघडून काँक्रीटचा पट्टा सुचवला होता. अभियंत्याने आधी वाचन घ्यायला लावलं. भेगेवर काचेची पट्टी प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवली, गिलाव्यावर नव्हे, विटेवर. काच तुटली की हालचाल आहे एवढंच कळतं, किती ते कळत नाही. म्हणून भेगेच्या दोन बाजूंना दोन खिळे ठोकून दर पंधरा दिवसांनी व्हर्नियर कॅलिपरने अंतर मोजलं. मेअखेर भेग ४ मिलिमीटर, सप्टेंबरात दीड. काळी माती उन्हाळ्यात आकसते, पावसात फुगते, भेग तिच्यासोबत उघडझाप करत होती. कोपऱ्यापासून तीन मीटरवर कडुनिंब, आणि पन्हळ गेल्यापासून छपराचं सगळं पाणी त्याच कोपऱ्यात पडत होतं. पाया खचत नव्हता, त्यामुळे काँक्रीटचा पट्टा वगळला. त्याऐवजी पन्हळ पुन्हा लावली, पाणी सहा मीटर दूर नेलं, आणि जोत्याभोवती दीड मीटर रुंदीचा मुरमाचा ठोकलेला उतार दिला. कडुनिंब तोडायचा नाही यावर सगळे एकमताने ठाम होते, कारणं मात्र वेगवेगळी.

छपराचा उतार धरून क्षेत्र ९० चौरस मीटर. चौरस मीटरला १५ कौलं, म्हणजे साधारण १,३५०. त्यांतली २४० फुटलेली. शेजारच्या गावात पडणाऱ्या वाड्याची कौलं स्वस्तात मिळाली, पण ती दुसऱ्या कारखान्याची. खाचा दोन-तीन मिलिमीटरने जुळत नव्हत्या आणि बळेच बसवली की कौल उचललेलं राहतं, पाऊस आत. उपाय साधा निघाला: जुनी सगळी धडकी कौलं फलाटाच्या बाजूच्या उतारावर घेतली, बाहेरची मागच्या उतारावर, आणि तिथल्या रिपांमधलं अंतर नव्या कौलाला मोजून पुन्हा ठोकलं. कैच्यांची सागवानी टोकं भिंतीत रुतलेल्या जागी कुजली होती. तीन टोकं कापून जुन्याच सागाचे ६० सेंटिमीटरचे तिरपे सांधे १२ मिलिमीटरच्या बोल्टने जोडले, आणि टोकाभोवती हवा खेळायला बोटभर जागा मोकळी ठेवली.

चुन्याचं काम दिवाळीनंतर घेतलं. विदर्भाच्या मे महिन्यात चुन्याचा गिलावा करू नये, तो पकडायच्या आधीच सुकतो. सिमेंटचा पट्टा जिथं पोकळ वाजला तिथंच काढला. घट्ट बसलेला तसाच ठेवला, कारण तो ओढला की विटेचा चेहराही निघतो. पिठाळलेल्या १४० विटा बदलल्या. क्षार कोरड्या ब्रशने झाडला, पाण्याने धुतला नाही, धुतला की तो परत भिंतीत जातो.

पहिला दोन चौरस मीटरचा नमुना फसला. तीन आठवड्यांनी बोट फिरवलं की पांढरी पूड हाताला. गवंड्याचा हात चांगला होता, माल वाईट. दुकानातून आणलेली फक्की सफेदीसाठीची, उघड्या पोत्यात महिनोन्‌महिने पडून हवेनेच मेलेली. मग वणी-राजूरकडच्या भट्टीवरून कळीचा चुना आणला, टाकीत विरवला, चाळून पाण्याखाली महिनाभर ठेवला. प्रमाण एक चुना, एक सुरखी, दोन वाळू. जाडी १२ मिलिमीटर. दहा दिवस ओलं गोणपाट, दिवसातून दोनदा पाणी. ते टिकलं.

कुठे चुकलं

सगळ्यात महागात पडलं श्रमदान. परवानगीची वाट बघताना लोकांचा उत्साह टिकावा म्हणून एका रविवारी आवार साफ करायचं ठरलं. तिकीटखिडकीच्या भिंतीवर खडूने 'हात लावू नये' असं लिहिलेलं होतं. पोरांनी भिंत 'स्वच्छ' करताना तारेचा ब्रश आणि पाणी वापरलं, खडूची सूचना पहिल्या पाण्यातच गेली. खालच्या तक्त्याचा तिसरा हिस्सा, म्हणजे मूर्तिजापूरच्या बाजूची स्टेशनं, अर्ध्या तासात नाहीसा झाला. आधी काढलेल्या फोटोंत तो भाग होता, पण मोजपट्टी न ठेवता, तिरपा, मोबाइलवर.

पोरांना दोष देण्यात अर्थ नाही. तक्ता सापडला त्याच दिवशी समोरून, मोजपट्टीसह, दिवसाच्या आणि तिरप्या उजेडात फोटो काढायला हवे होते आणि भिंतीसमोर फळी ठोकायला हवी होती. फळीला ४०० रुपये लागले असते.

ताडपत्रीचं वर आलंच. तिसरी चूक कमी दिसणारी: परवानगीचा अर्ज आणि निधीचा ठराव एकामागून एक झाले. जानेवारीतच दोन्ही एकदम टाकले असते तर निधी परत गेला नसता. पुढच्या कामाचा मोठा वाटा गावातल्या आणि पुण्या-मुंबईला गेलेल्या लोकांच्या वर्गणीवर उभा राहिला, आणि दरवाजे अजूनही बसलेले नाहीत.

निकाल

वाचनालय स्टेशनात झालं नाही. परवानगी देखभालीची होती, वापराची नव्हती. पुस्तकं शाळेच्या एका खोलीत गेली. 'एवढं करून शेवटी कुलूपच,' असं गावात बोललं जातं आणि ते चूक नाही. दोन पावसाळ्यांत छप्पर गळलं नाही. भेग अजून उघडझाप करते, पण मेअखेरचं वाचन अडीच मिलिमीटरवर आलं आहे.

पाटीवरून सरपंच आणि मास्तर यांचं शेवटपर्यंत जमलं नाही. सरपंचांना एक साल हवं होतं. लोक थांबून एकच ओळ वाचतात, हा त्यांचा अनुभव. मास्तर एका इमारतीला एक साल द्यायला तयार नव्हते. शेवटी संगमरवराऐवजी पत्र्यावर रंगवलेला फलक लागला, कारण पत्रा पुन्हा रंगवता येतो. त्यावर चार ओळी आहेत: मूळ खोली, गाडी सुरू झाली त्या वेळची. तिकिटाची खोली, १९२७ नंतरची, १९५७ आधीची. भाड्याचे दोन तक्ते, एक आण्यांचा, एक नव्या पैशांचा. व्हरांड्याचे खांब, मेन लाइनचे जुने रूळ, १८८४ चे. सरपंचांचं म्हणणं अर्धं खरं ठरलं. लोक चौथी ओळच वाचतात आणि फोटो खांबाजवळ काढतात.

मार्ग ब्रॉडगेज करण्याची घोषणा २०१६ मध्ये झाली होती. रुंदीकरणात ही जागा यार्डात गेली तर इमारत राहील की नाही हे गावाच्या हातात नाही. म्हणून मोजणीचे नकाशे, दोन्ही तक्त्यांचे फोटो आणि गँगमनचं ध्वनिमुद्रण यांच्या तीन प्रती केल्या: एक पंचायतीत, एक कॉलेजात, एक अर्जासोबत रेल्वेकडे.

भेगेच्या वाचनाची वही आता शाळेतल्या नववीच्या मुलांकडे आहे. मागच्या हिवाळ्यात कुणीतरी डाव्या खिळ्याला पिशवी अडकवली आणि तो वाकला. मुलांनी शेजारी नवा ठोकला, वहीत लाल रेघ मारली, आणि रेघेखाली लिहिलं: 'खिळा बदलला. वरचे आकडे जुन्या खिळ्याचे.'